विहिरीवरची हजेरी

सकाळी साडेसातला शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांनी चांदूर बाजारजवळच्या एका गावात मुलींच्या शाळेची हजेरी घेतली. पटावर सतरा, समोर दोन. साल १९३६. पंधरांहून कमी दिसल्या तर शाळा बंद करावी, असा वरून हुकूम होता.

विमल मास्तरीणबाई ही खबर घेऊन पार्बताबाईच्या मळ्यात धावतच आल्या. बाजाराच्या दिवशी साऱ्या माळ्यांची भाजी पार्बताबाईच्याच विहिरीवर धुतली जाई. तिची लेक वच्छला धरून पंधरा पोरी तिथे मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

"आज बाजार हाय, हे त्याले सांगतलं नाई काय?" पार्बताबाईने विचारले.

"सांगितलं. ते म्हणाले, हुकुमात बाजार नाही."

शाळा गेली की वच्छलाचे लग्न उरकायला पार्बताबाईचा दीर शेषराव टपलेलाच होता.

"मंग त्याले इकडं आना."

"ते साहेब आहेत, पार्बताबाई."

"साहेबाले पाय नाईत काय? शाळा काई पयाली नाई. जागा बदलून बसली हाय."

महादेवराव डिप्टी धोतर सावरत चिखलातून आले. पोरी उठून उभ्या राहिल्या, पण हातातली जुडी कुणी सोडली नाही. साहेबांनी खिशातला हुकूमच वच्छलापुढे धरला. "वाच."

तिने ओले हात परकराला पुसले आणि न अडखळता शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "पन साहेब, आमी तं सतरा हावो. दोघी तिकडं, पंधरा इकडं."

"हुकूम शाळेच्या खोलीचा आहे, मुली."

"खोलीले कुठं वाचता येते?" पार्बताबाई म्हणाली.

साहेब हसले नाहीत. विहिरीच्या काठावर बसून त्यांनी शेरा लिहिला.

"काय लिवलं ते वाच बरं, माये."

वच्छलाने वाचले, "खोलीत दोन, विहिरीवर पंधरा. वाचन उत्तम. निर्णय वरिष्ठांकडे."

पार्बताबाईने मान डोलावली आणि हिरवीगार जुडी साहेबांपुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. त्यांच्या गाडीवानाने घेतली.

बाजाराच्या दिवशी शाळा विहिरीवर भरवू द्यावी, असा अर्ज विमलबाईंनी त्याच आठवड्यात अमरावतीला धाडला. शेषरावाने दोनदा विचारले, "आलं काय उत्तर?" पार्बताबाई दोन्ही वेळा म्हणाली, "येईन. तवर पोरगी तिसरीतच हाय."

गेल्या बाजाराला विहिरीवर सतराही मुली हजर होत्या. अठरावी पार्बताबाई. तिला 'पार्ब'पर्यंत लिहिता येते. अमरावतीचे उत्तर अजून आलेले नाही.