मामंजींची पत्रिका

धारला मेधाचे सासरे देवळाच्या उत्सवाची पत्रिका नेहमी एकाच जुन्या मराठी टायपिंग प्रोग्राममध्ये करत. नव्या लॅपटॉपवर तो चालेना, म्हणून मेधाने लॅपटॉपच्या आतच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसरा आभासी कॉम्प्युटर, करून त्यात जुनं विंडोज बसवलं. प्रोग्राम उघडला, पण एवढ्याशा चौकटीत. ताणून मोठा केला की अक्षरं फिसकटायची.

"मला वेलांटीही ओळखू येत नाही," मामंजी म्हणाले.

देवासहून तिचा भाऊ शंतनू फोनवर म्हणाला, "ताई, पुराना विंडोज आहे, इतनाच दिखेगा. जाऊ दे ना."

"का म्हणून? बाहेरचा स्क्रीन केवढा आहे, हे आतल्या विंडोजला ठाऊकच नाही. ते सांगणारा ड्रायव्हर टाकते."

तिने व्हर्च्युअल मशीनच्या मेनूतून तो ड्रायव्हर असलेली 'गेस्ट अ‍ॅडिशन्स'ची डिस्क जोडली, आतल्या विंडोजमध्ये इन्स्टॉल केली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मग चौकटीचा कोपरा धरून ओढला. आतला डेस्कटॉपही तसाच पसरत गेला. पत्रिकेचं अख्खं पान स्वच्छ दिसू लागलं.

मामंजींनी खुर्ची पुढे ओढली आणि लगेच टाइप करायला बसले.

"झालं बघ, पूर्ण पान दिसतंय," मेधाने फोनवर सांगितलं.

"कसं केलंस?" शंतनूने विचारलं.

"देवासला आले की तुझ्याच कॉम्प्युटरवर करून दाखवते," मेधा म्हणाली.