पोट्टीचा पायगुण

"पायगुन म्हंतेत याले, पायगुन!" रुखमाबाईनं रिकामी बादली नळाखाली आपटली. "सव्वा महिन्यानं पोट्टीले घेऊन तू इहीर पुजून आली, न् दुसऱ्या दिसापासून नळाले धार नाई. आता बोल!"

मिनल भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पोट्टी दूध पिऊन राहिली होती, आणि नळातून म्हाताऱ्या बकरीच्या मुतासारखी धार पडत होती. बाहेर वैशाखाचं ऊन. काळी माती अशी फाटलेली, की भेगेत पाय जावा. अशा दिवसांत बाळंतिणीच्या घरात लंगोटं धुवायची मारामार! त्यावर सासूबाईंनी, म्हणजे रुखमाबाईनं, उपाय शोधला होता: पानी येईस्तोर पोट्टीले घेऊन माहेरी, कन्हानले जाय.

आणि मिनलचा नवरा सुशील, लेकाचा, मान खाली घालून पिशवी भरत होता. आईपुढं त्याची दातखिळी बसते, हे सारं गाव जाणते.

"अजी, तुमाले बी असंच वाटते का?"

"मले काही नाई वाटत वं. नळ बदलला, टाकी धुतली. आनखी का करू?"

"इहिरीत डोकावले?"

डोकावला नव्हता. वड्याचं तेल वांग्यावर काढायला डोकावावं कशाला लागते?

मिनलचं टाळकं सरकलं. "जाईन मी. पन पोट्टीवर हा डाग घेऊन नाई जात! उद्या मोठी झाली का कोनीबी म्हनीन, ही आली न् पानी गेलं. आंधी पानी काढीन, मंग पाहीन कोन कोनाले धाडते ते!"

पोट्टीला पदराखाली घेऊन ती तरतरा परसात निघाली. मागून सासूबाई ओरडल्या, "अवं, या उन्हात लू लागन न लेकराले!"

"मंग कन्हानच्या रस्त्यानं का सावली हाय, आई?"

सासूबाई तणतणत मागं आल्याच, त्यांच्यामागं सुशीलही.

विहिरीत पाणी चांगलं चमकत होतं. म्हणजे आटलं-बिटलं काही नव्हतं. मिनलनं मोटारीपासून घराकडं जाणारा पाइप सुशीलकडून सोडवला आणि बटण दाबायला लावलं. तिथंही तीच रडकी धार.

"पाहा जी. घराकडचा पाइप तुंबला असता, त इथं धो धो पडलं असतं. दोष खालीच हाय."

मग मोटार बंद करून तिनं विहिरीत उतरणाऱ्या पाइपात वरून पाणी ओतायला लावलं. ते खाली पळालं नाही, काठोकाठ थांबलं.

"म्हंजे पाइपाच्या बुडातला वाल, ती झडप, बी पानी धरून हाय. मंग पानी चढत काहून नाई? वालाखालची जाळीच तुंबली असन. ओढा पाइप!"

"एकट्यानं नाई होत वं."

मिनलनं पोट्टी सासूबाईंच्या हातात ठेवली. "धरा तुमचा पायगुन." पदर खोचला आणि पाइपाला बांधलेल्या दोराला हात घातला.

पाण्यानं भरलेला पाइप, बाप्पा, भलता जड! तळहात सोलले तरी बाईनं दोर सोडला नाही. शेवटी जाळी वर आली. तिच्यावर शेवाळानं माखलेलं काहीतरी घट्ट चिकटून बसलं होतं. सुशीलनं ते ओढून काढलं आणि मोटारीजवळ झटकलं. हिरवा खण, जरीच्या काठाचा.

विहीर पुजायच्या दिवशी मिनल म्हणत होती, ओटी काठावरच ठेवू. "काठावरून कोनी उचलून नेईन," असं म्हणून रुखमाबाईनं आपल्या हातानं खण पाण्यात सोडला होता.

"आई, हा त…" सुशील म्हणाला आणि आईकडं पाहू लागला.

"बोला न जी! आता काहून थांबले?"

रुखमाबाई पोट्टीच्या तोंडाकडं पाहत उभी राहिली. पोट्टी मजेत मूठ चोखत होती.

जाळी साफ करून पाइप खाली सोडला, त्यात पाणी भरलं, घराकडचा पाइप जोडला, मोटार लावली. टाकीत पाणी असं कोसळू लागलं की शेजारपाजारचे डोकावले. रुखमाबाई खाली पाहत पुटपुटली, "मले का मालूम वं… चाल, पिशवी रिकामी कर."

"ज्यानं भरली तो करीन."

सुशील पिशवी रिकामी करायला घरात गेला. मिनलनं नळ पूर्ण सोडून खण खळखळून धुतला, पिळला आणि सासूबाईंच्या खांद्यावर टाकला.

"याचं झबलं शिवा, तुमच्या हातानं. बारसं अजून व्हायचंच हाय, तवा पोट्टी हेच घालीन. न् कोनी पायगुन इचारला, त खन कुठून निंगाला ते तुमीच सांगजा."

"लय जीभ चालते तुई!" रुखमाबाई फणकारली. मग पोट्टीला कडेवर घेऊन घरात सुईदोरा शोधू लागली.