एशियाडचं ताट

हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, बायपास करावी लागेल, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा धर्माजींनी एकच प्रश्न विचारला. "मग एशियाडला जेवायला कोण घालणार?"

एशियाड हा त्यांचा कुत्रा. धर्माजी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते, त्यातली शेवटची बारा श्रीवर्धन डेपोत. निवृत्तीच्या दिवशी इतर लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. धर्माजी आले ते त्या शालीत एक पिल्लू गुंडाळून. डेपोत एका नादुरुस्त गाडीखाली ते जन्मलं होतं. पांढरं अंग आणि दोन्ही कुशींवर लांब पट्टे, अगदी एसटीच्या जुन्या निमआराम 'एशियाड' गाडीसारखे. म्हणून नाव एशियाड.

त्यांच्या बायकोला, कोकिळाबाईंना, कुत्र्याचं प्रेम नव्हतं आणि रागही नव्हता. तो मागच्या पडवीत आणि त्या चुलीपाशी, अशी आठ वर्षं सरळ वाटणी होती. त्याचं ताट धर्माजी स्वतः वाढायचे. तिथे काय चालतं ते बघायला कोकिळाबाईंना सवड नसायची, कारण त्या वेळी त्या भाकऱ्या थापत असायच्या. मग नवऱ्याला वाढायचं, आणि मागाहून आपण ओट्याशी उभ्याउभ्या चार घास खायचे.

धर्माजींनी कुत्र्यापायी ऑपरेशन पाच महिने लांबवलं. शेवटी कोकिळाबाईंनी देव्हाऱ्यासमोर उभं राहून शब्द दिला. "तुमी परत याल तवा हाय तसा तुमच्या पुढ्यात उभा करीन त्याला. एक तोळा कमी भरला तर मला बोला." तेव्हा कुठे गुरुवारी धर्माजी बोर्ली पंचतनच्या घरून पनवेलला निघाले.

त्याच संध्याकाळी कोकिळाबाईंनी त्याच्या नेहमीच्या जर्मलच्या ताटात भात आणि बांगड्याचं कालवण वाढलं. एशियाड आला, ताटासमोर ताठ बसला, ताटाकडे पाहिलं आणि मग कोकिळाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. जिभेवरून लाळेची तार जमिनीला लागली, पण तोंड काही खाली गेलं नाही.

"खा की मेल्या," कोकिळाबाई म्हणाल्या. तो नुसता बघत राहिला.

शुक्रवारी सकाळीही तेच झालं. त्यांनी घाबरून खारघरला मुलाला, स्वप्निलला फोन लावला.

"आई, बाबांना एक शब्द कळता कामा नये," तो म्हणाला. "उद्या ऑपरेशन आहे. कळलं तर पहिली एसटी पकडून येतील तिकडे."

मग फोन सुनेनं घेतला. पूनमकडे कुत्रा नव्हता, पण मोबाइल होता, आणि त्यात कुत्र्यांविषयी सगळं होतं.

"आई, भात बंद करा. कुत्र्यांना भात पचत नाही. कांदा-लसूण तर विषच. आणि ते अ‍ॅल्युमिनियमचं ताट आधी फेकून द्या."

"अगं, आठ वर्सं त्यातच खातोय तो."

"म्हणूनच," पूनम म्हणाली. "आणि अजून एक. ताट ठेवलं की वीस मिनिटं थांबायचं. नाही खाल्लं तर उचलायचं. नाहीतर नखरे वाढतात."

कोकिळाबाईंनी घड्याळ पडवीत आणून टांगलं. जर्मलचं ताट माळ्यावर गेलं आणि रबराचा एक टोप आला.

शेजारचे दिनानाथ गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, आता घरी असतात. गुरं त्यांना टाळायची, पण माणसं अजून विचारायची. त्यांनी एशियाडचा जबडा उघडून आत वाकून पाहिलं. "वैनी, ही लाळ बघा. पित्त हाय. ताकभात द्या."

"भात पचत न्हाय म्हनं त्यांना."

"कोन बोललं? भातासारखं हलकं काय न्हाय. वर एक उकडलेलं अंडं. फकस्त पिवळं काढून टाका."

संध्याकाळी पूनम फोनवर म्हणाली की ताकद असते ती पिवळ्यातच, काढायचं तर पांढरं काढा. कोकिळाबाईंनी पांढरं काढलं, पिवळं काढलं, मग रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि अख्खं अंडं आपणच खाऊन टाकलं.

शनिवारी सकाळीच त्या बाजारात अल्पेशच्या दुकानात गेल्या. तो खत, बियाणं आणि कोंबडीखाद्य विकायचा आणि अलीकडे कुत्र्या-मांजरांचंही ठेवायचा.

"काकी, घरचं कायच देऊ नका," अल्पेश म्हणाला. "ही पिशवी न्या. समदं यातच हाय. हाडांसाठी हाय, केसांसाठी हाय, मन शांत ऱ्हावं म्हणूनपन हाय."

कोकिळाबाईंनी वास घेतला. "सुकटीचा कुटा वाटतोय."

"मासाच हाय काकी. परदेशातला, सॅल्मन."

"आन् आपल्या दिघीच्या बांगड्यानं काय घोडं मारलंय?"

तरी पिशवी घरी आली, कारण मन शांत राहण्याची गरज आता दोघांनाही होती. एशियाडनं तिच्याकडेही वीस मिनिटं पाहिलं. मग पूनमच्या सांगण्यावरून कोकिळाबाईंनी लाल भोपळा उकडून, दह्यात कालवून ठेवला आणि पाणी आणायला आत गेल्या. घर रस्त्यालगत होतं आणि पडवीतून दिसणाऱ्या वळणावर एसटीचा थांबा होता. दहाची माणगाव गाडी नुकतीच सुटत होती. त्या बाहेर आल्या तर टोप चाटूनपुसून साफ.

त्यांनी आनंदानं खारघरला फोन केला. "भोपळा खाल्ला गं त्यानं!"

"मी म्हटलं नव्हतं?" पूनम म्हणाली, आणि दुपारपर्यंत तिच्या माहेरीसुद्धा भोपळ्याचं महत्त्व पोचलं होतं. तिकडे ऑपरेशनही नीट झालं होतं, त्यामुळे सगळेच खुशीत होते.

रविवारी कोकिळाबाईंनी आठ वाजता भोपळा ठेवला. आठ वीसला उचलला. दुपारी पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. एशियाड ताठ बसून लाळ गाळत राहिला. दिनानाथ म्हणाले, भोपळ्यानं पोट बिघडलं. अल्पेश म्हणाला, पिशवी आठ दिवस तरी चालवून बघा. संध्याकाळी एशियाडच्या पट्ट्यांखाली बरगड्या दिसायला लागल्या. देवासमोर दिलेला शब्द आठवून कोकिळाबाईंनी दिवा लावताना देवाकडे पाहायचं टाळलं.

सोमवारी सकाळी आठला धर्माजींचा फोन आला. आवाज कसा तरी, लांबून आल्यासारखा.

"जेवला का?"

"जेवला," कोकिळाबाई म्हणाल्या. "ताट चाटून पुसून."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. कोकिळाबाई पडवीत बसून रडल्या. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं. आणि छाती उघडून शिवून घेतलेल्या माणसानं विचारलं ते कुत्रं जेवलं का, हेही लागलं. बायको जेवली का, हा प्रश्न एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडात कधी आलाच नव्हता.

मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि डोकं फिरल्यागत उठल्या. माळ्यावरून जर्मलचं ताट काढलं. भात शिजवला, दोन बांगडे नुसते उकडून काटे काढून त्यात कालवले. ताट ठेवलं, घड्याळ भिंतीकडे तोंड करून उलटं टांगलं आणि एशियाडच्या समोर मांडी घालून बसल्या.

"आता तू हाय न् मी हाय. बगू कोन उठतंय ते."

वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. कोणीच उठलं नाही. मग वळणावर माणगाव गाडी थांबली, माणसं चढली, आणि कंडक्टरनं दोरी ओढली. टण टण.

एशियाडचं तोंड ताटात गेलं.

कोकिळाबाईंनी गाडीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. आणि त्यांना आठ वर्षं रोज ऐकलेला आवाज पहिल्यांदा ऐकू आला. संध्याकाळी, त्या भाकऱ्या थापत असताना, पडवीतून यायचा तो. टण टण. डावाला चिकटलेला भात हे ताटावर झटकतात, असं त्या समजत होत्या.

त्या डाव घेऊन आल्या. ताटात अल्पेशची पिशवी ओतली आणि एकदा वाजवलं. एशियाड दगडासारखा बसून राहिला. कंडक्टरची एक बेल म्हणजे गाडी थांबवा आणि दोन म्हणजे सोडा, हे कोकिळाबाईंनाही ठाऊक होतं. मग दोनदा वाजवलं. त्यानं सॅल्मन खाल्ला. दोन बेल दिल्यावर ताकभात खाल्ला, भोपळा खाल्ला. कोकिळाबाई एकट्याच खो खो हसल्या, आणि हसता हसता त्यांना वाईटही वाटलं. आवाज रोज कानावर पडत होता, पण कधी विचारलं नव्हतं की हे काय करता हो तुम्ही.

कुत्रा जेवायला लागल्याचं कळताच पूनम म्हणाली भोपळा, दिनानाथ म्हणाले ताकभात, अल्पेश म्हणाला पिशवी. कोकिळाबाईंनी तिघांनाही व्हय म्हटलं.

बारा दिवसांनी धर्माजी घरी आले. एशियाड हाय तसा, उलट दोन तोळे जास्तच, त्यांच्या पायाशी लोळला. धर्माजींनी डोळे पुसले.

आता सल्ले त्यांच्यासाठी यायला लागले. पूनमनं ओट्स लिहून पाठवले, दिनानाथ म्हणाले नाचणीशिवाय काही नको, अल्पेशनं एक पिशवी पुढे केली. कोकिळाबाईंनी कुणाचंच न ऐकता डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे बिनमिठाची पेज केली आणि थाळीत वाढून दिली. धर्माजींनी पेजेकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसले.

"असलं मी खानार न्हाय."

कोकिळाबाईंनी डाव उचलला आणि थाळीच्या काठावर दोनदा वाजवला. टण टण.

धर्माजी चमकले. मग हळूच त्यांनी डाव बायकोच्या हातातून घेतला आणि थाळीवर एकदाच वाजवला.

"एक बेल," ते म्हणाले. "गाडी थांबली."

"का?"

"एक प्याशिंजर खालीच ऱ्हायलंय. तुजं ताट कुटं हाय?"

कोकिळाबाई आत गेल्या, दुसरी थाळी घेऊन आल्या, तीच बिनमिठाची पेज वाढून घेतली आणि त्यांच्या शेजारी बसल्या. तेव्हा धर्माजींनी दोन बेल दिल्या. मागच्या पडवीत एशियाड धडपडून उठला आणि आपल्या रिकाम्या ताटात तोंड घालून उभा राहिला.