ज्या घंटीला वाट पाहता येत नाही

मी एक कुलूप बोलतोय. मला हातात घ्यायला जाऊ नका, मी लोखंडाचा नाही. मला किल्लीही नाही. मी फक्त उघडा असतो, नाहीतर लागलेला.

आंधळगावच्या एका राईस मिलमध्ये धान सुकवायचं यंत्र आहे. भुशाच्या भट्टीतली गरम हवा मोठा पंखा धानात सोडतो. त्या पंख्यावर नजर ठेवायला भिंतीवर एक कॉम्प्युटरचं छोटं कार्ड बसवलं आहे. कार्डाच्या आत कर्नल नावाचा कारभारी प्रोग्राम असतो. कोणतं काम कधी व्हायचं ते तो ठरवतो. त्याच्या एका खोलीचा मी राखणदार. खोलीत हवेचे आकडे आणि काही ओळी असतात. जो वाचायला किंवा लिहायला आत जातो तो मला लावतो, काम झालं की उघडतो. तोवर दुसऱ्यानं दारात उभं राहायचं.

मला जीवननं घडवलं. तो नागपुरात एका कंपनीत कामाला होता. सुट्टीवर घरी आला की अंगणात खाटेवर बसून लिहायचा. त्याचा धाकटा भाऊ अंकुश नववीतच शाळा सोडून याच मिलमध्ये लागला होता. त्याला सगळं विचारायची हौस आणि ऐकून घ्यायचा कंटाळा.

"दादा, कुलूप लावलं ना, मंग यंत्र बंद कायले पडते?"

"आता पाह्य. तू न्हाणीत गेला, आतून कडी लावली. अर्धी आंघोळ झाली आन घंटी वाजली. घंटी वाजली का हातातलं सोडून जाच लागते. आता घंटीचं काम असं, का न्हाणीतून बादली आणायची. तू बाहेर उभा राहून दार वाजवून राहिला. आतून कडी कोणं लावली?"

"मीच!"

"मंग उघडेल कोण?"

"मी बाहेर कसा काय आलो पन? साबण लावून?"

त्यांची माय धुरपता चुलीजवळून हसली. "याले साबण लावूनच हिंडवा लागते."

मला मात्र ते दृश्य नेमकं समजलं. या कार्डाला डोकं एकच, आणि तातडीची खबर आली की आत घंटी वाजते. घंटी वाजली की चालू काम तिथंच थांबतं आणि घंटीचं काम संपेपर्यंत पुढं सरकत नाही. घंटीला मी हवा असलो आणि मला त्या थांबलेल्या कामानंच लावलेलं असलं, तर दोघं कायमचे अडकतात. म्हणून जीवननं नियम केला: मला लावायच्या आधी घंटी गप्प करायची, आणि मला उघडलं की घंटी आधी होती तशी ठेवायची. आधीच गप्प असेल तर गप्पच. तिला आपल्या मनानं जागं करायचं नाही.

पण एक मोठी घंटी अशी आहे की ती कोणाच्यानंच गप्प होत नाही. हवा फार तापली की ती वाजते आणि पंखा बंद करते. जीवन म्हणायचा, "तिच्यात थांबायचंच नाही. तिच्यात थांबला तो गेला."

यंत्रात काय चाललं आहे ते पडद्यावर दिसावं म्हणून त्यानं प्रत्येक घंटीत एक ओळ टाकायला घेतली. ओळी आपल्याच बोलीत. 'अंकुश्या, हवा तापून राहिली, चहा सोड.' 'अंकुश्या, धान सुकलं, आता मले फोन कर.' मोठ्या घंटीतली ओळ अजून कच्ची होती. ती घंटी पंखा बंद करायच्या आधी माझ्याकडं यायची आणि मी उघडेपर्यंत उभी राहायची. "हे चालू करू नको बे," असं अंकुशला बजावून तो निघाला. "मी आलो का नीट करतो."

तुमसरच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं, तो जागीच गेला. घरी बुद्धवंदना झाली, त्याच्या नावानं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. अंकुश मिलमध्ये आला आणि ओळी चालू केल्या.

पडद्यावर त्याचं नाव, 'अंकुश्या', उमटलं. मग पुन्हा उमटलं. त्याला ते पुरेना. तो ओळी खाली जाऊच देईना, त्याच त्याच पुन्हा वर बोलवायचा. दर वाचनाला मला लावावं लागतं. तो वाचत राहिला, मी लागत राहिलो. भट्टीत सुका भुसा पडला, हवा तापली, मोठी घंटी वाजली. ती माझ्या दारात आली. मी लागलेला होतो, मला लावणारं वाचन मागं गोठलेलं होतं. पंखा गरम हवा फेकत राहिला.

वास आला तेव्हा मालक भैय्यालाल धावत आले. त्यांनी भिंतीवरचा खटका ओढला आणि मूठभर धान दातांखाली चावून पाहिलं.

"पुरी कणी झाली, दाणा तुटून राहिला. अंकुश, जीवनचं मलेबी दुःख आहे. पन धान दुखवटा पाळत नाही ना, बाबू. हे डब्बं काढ. मी नागपूरवरून दुसरं आणतो."

"काढू नका, शेठजी. त्याच्यात दादा आहे."

भैय्यालालनी हातातलं धान खाली टाकलं. जाताना म्हणाले, "हप्ताभर पाह्यतो. मंग माह्या हातानं काढीन."

भावना जीवनच्या कंपनीत त्याच्या शेजारी बसायची. अंकुशनं बोलावलं आणि ती बसनं आली. तिनं ओळी वाचल्या, डोळे पुसले, मग कामाला लागली.

"दोन गोष्टी. मोठी घंटी आधी पंखा बंद करेल, मग ओळीचं पाहील. आणि कुलूप लागलेलं दिसलं तर उभी राहणार नाही. ओळ तिथंच टाकून परत जाईल."

"टाकून म्हणजे?"

"म्हणजे ती ओळ येणार नाही."

"एकबी गेली नाही पाहिजे, ताई! आता त्याच्यानं नवीन लिवली जाईल का?"

"मग सगळं यंत्र जाईल, अंकुश."

तो उठून भट्टीकडं गेला, लोखंडी सळईनं उगाच राख ओढत बसला. परत आला तेव्हा हात काळे होते. "कर," म्हणाला.

भैय्यालालनी ठरवलेल्या दिवशी ते स्वतः आले, कार्ड काढायला पेचकस घेऊन. धुरपताही आली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून अंकुश तिला ओळी वाचून दाखवत होता. मी लागलेला होतो. तेवढ्यात मोठी घंटी वाजली.

तिनं पंखा बंद केला. मग माझ्या दाराशी आली, मी लागलेला पाहून क्षणभरही न थांबता परत गेली. मिलमध्ये एकदम शांत झालं.

"काय लिवलं त्यानं?" धुरपतानं विचारलं.

अंकुश पडद्याकडं पाहत राहिला. "नाही आली, माय. ही नाही आली."

"पंखा तं बंद केला ना?"

"हो."

"मंग झालं. एवढंच तं सांगाचं होतं त्याले."

भैय्यालालनी चिमूटभर धान तोंडात टाकलं, चावलं, दाणा ठीक निघाला आणि त्यांनी पेचकस खिशात ठेवला.

मी अजून त्याच भिंतीवर आहे. अंकुश ओळी वाचतो, पण एकदा. वाचून झालं की उठून भट्टीकडं जातो आणि मी उघडा राहतो. मोठ्या घंटीची ओळ कधी येते, कधी गळते. माझ्यासारखं कुलूप तुमच्याही हाताशी असेल, तर खुशाल लावा. फक्त फार वेळ आत बसू नका. बाहेर कोण येऊन परत गेलं, ते आतून कळत नाही.