बाबांची पहार

"बारीक बसवायचे की रुंद, एवढंच सांगा," नर्सबाई म्हणाल्या. "दलदलीपलीकडच्या वस्तीत एका बाईचे दिवस भरलेत. निरोप कधीही येईल."

त्यांच्या दवाखान्याला नवी एटीव्ही मिळाली होती. चार चाकं, मोटारसायकलसारखं हँडल. तिचे मूळचे टायर चिखलात नुसते जागच्या जागी फिरायचे, म्हणून त्या आमच्या गॅरेजात आल्या होत्या.

"रुंद," मी म्हणालो.

"बारीक," बाबा म्हणाले.

झालं. गिऱ्हाइकासमोरच बापलेकाची जुंपली.

बाबांचं शास्त्र साधं होतं. चिखलाखाली कठीण जमीन असेल तर बारीक टायर चिखल कापत तिथवर जातो आणि पकड घेतो. खाली तळच नसेल तर रुंद टायर हवा, तो वरच्यावर राहतो. पण हे ते गॅरेजात बसून कधी ठरवत नसत. गिऱ्हाइकाच्या वाटेवर स्वतः जात, चिखलात पहार खुपसत आणि टण् आवाज किती खोलवर येतो ते बघत. चाळीस वर्षं हेच. लोक त्यांना पहारवाले म्हणत आणि मला पहारवाल्यांचा मुलगा. हे दुसरं मला फार झोंबायचं. टायर मागवायचे मी, बसवायचे मी, हात काळे माझे, आणि आत येणारा प्रत्येक माणूस विचारणार, "काका कुठायत?"

त्या दिवशीही ते दारामागची पहार घ्यायला उठले.

"कुठे निघालात चिखल टोचायला?" मी म्हणालो. "आधी गुडघे बघा स्वतःचे. लोक हसतात, बाबा."

नर्सबाई उगाच पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. बाबांनी पहार पुन्हा जागेवर ठेवली.

"नाही गेलो तरी चालेल. ती वाट मला पाठ आहे. वीतभर चिखल, खाली मुरूम. बारीकच बसव."

"काका म्हणतायत तर बारीकच," नर्सबाई म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने पाना उचलला. खरं तर मला बोलता आलं असतं. गेल्या उन्हाळ्यात कालवा उपसला तेव्हा सगळा गाळ त्याच वाटेवर ओतला होता. एक ट्रॅक्टर तिथे अडकला म्हणून मी गेलो होतो, डोळ्यांनी बघितलं होतं. बाबा तेव्हा गुडघ्यांमुळे घरातच पडून होते. मी सांगितलं नाही. म्हटलं, एकदा आपटू देत तोंडावर. गाडी रुतेल, चार लोक हसतील, संपलं. ती दिवस भरलेली बाई माझ्या डोक्यातही आली नाही. मी चारही टायर बसवले, हवा तपासली आणि गाडी बाहेर काढून दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाई चालत आल्या. कमरेपर्यंत चिखल वाळलेला. गाडी मध्येच सीटपर्यंत रुतली होती. पुढचं अंतर त्यांनी चिखल तुडवत कापलं, त्यात तीन तास गेले.

"बाई वाचली," त्या म्हणाल्या. "बाळ नाही."

मग बाबांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "काका, तिथे तळच नव्हता हो."

त्या चिडल्या असत्या, वाटेल ते बोलल्या असत्या, तर बरं झालं असतं.

बाबा पहार घेऊन निघाले. मी मागोमाग. वाटेवर त्यांनी ती उभी धरली आणि दाबली. मुठीपर्यंत आत गेली. आवाज नाही. दहा पावलांवर पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"हा गाळ कधी आला?" त्यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

पहार उपसायला मी हात पुढे केला. "राहू दे," म्हणाले. ती त्यांनी स्वतःच ओढून काढली, गवताला पुसली.

आठवड्याभराने तळ्यात मासे पाळणारा एक जण एटीव्ही घेऊन आला.

"काका, बारीक की रुंद?"

बाबा स्टुलावर बसले होते. "त्याला विचारा," ते म्हणाले. "त्याला कळतं."

हे ऐकायला माझे कान इतकी वर्षं आसुसले होते.

मी दारामागची पहार उचलली. "चला, जागा दाखवा," त्या माणसाला म्हणालो.

पहार टेकवून टेकवून दारामागच्या भिंतीला एक खाच पडली आहे. मी बाहेर पडलो तेव्हा बाबा त्या रिकाम्या खाचेकडे बघत बसले होते.