पान एकेचाळीस

मी वैमानिकाच्या उड्डाणांची वही बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्या मनात राग आहे. नऊ वर्षं जपलेला, रोज थोडा खाऊपिऊ घालून वाढवलेला राग. गोडगोड बोलणारी वही हवी असेल, तर शुभेच्छापत्रांच्या दुकानात जा.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. काळा जाड पुठ्ठा आणि आत आखलेले रकाने : तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ, आणि शेवटी शेरा. माझ्या पहिल्याच पानावर एक नियम छापलेला आहे. लिहायचं ते शाईने. खोडरबर चालणार नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि ज्याने लिहिलं त्यानेच रेघेशेजारी सही करायची. तेव्हा मला हा नियम फार जाचक वाटायचा.

विमानतळाजवळच्या दुकानातून मला एका मुलीने विकत घेतलं. त्या देशात येऊन तिला जेमतेम दोन दिवस झाले होते. ती तिथली नागरिक नव्हती. व्हिसा शिक्षणापुरता होता आणि त्यावर शेवटची तारीख ठळक छापलेली होती. तिची आई शिवणकाम करायची. तिने छत्रीच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवून माझ्यासाठी पोस्टाने पाठवलं. लेक तीन हजार फुटांवर उडणार, आणि माउलीला काळजी वही भिजण्याची! ते कव्हर अजून माझ्या अंगावर आहे.

ती ज्या विमान शिकवणाऱ्या शाळेत आली होती, तिथले मुख्य शिक्षक मोठे रुबाबदार होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर चार पट्ट्या. परदेशातून आलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांना ते 'पाहुणे' म्हणायचे. कोणाचंही नाव त्यांच्या तोंडी बसलं नाही, कारण त्यांनी बसवलंच नाही. सकाळची शांत हवा देशातल्या मुलांना, दुपारचे गचके पाहुण्यांना. माझ्या मुलीने तक्रार केली नाही. गचके खात शिकली आणि चांगली शिकली. माझी चाळीस पानं भरली, एकाही शेऱ्यात खोट नव्हती.

मग आलं पान एकेचाळीस.

व्यावसायिक परवान्याच्या परीक्षेआधी मुख्य शिक्षकांनी एकदा सोबत उडून 'पात्र' असा शेरा द्यायचा असतो. तिचा व्हिसा संपायला एकोणीस दिवस होते आणि परीक्षा आठ दिवसांवर. ती डावीकडे बसली, ते उजवीकडे. मी मागच्या सीटवर, उघड्या बॅगेत. मला सगळं दिसत होतं.

इंजिन बंद पडलं तर काय करायचं, याचा सराव होता. शहाणे शिक्षक अशा वेळी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा, मागे ओढतात. इंजिन मंदावतं, पण चालू राहतं. या गृहस्थांची खोड वेगळी. दोन सीटच्या मध्ये, खाली, इंधनाची कळ असते. त्यांनी ती गुपचूप बंद केली. इंजिन खरोखरच मेलं.

"काय काय तपासशील ते नुसतं तोंडाने सांग," ते म्हणाले. "हात कशाला लावायचा नाही."

तिने एकेक गोष्ट सांगितली, शेत निवडलं, विमान नीट खाली आणलं. आठशे फुटांवर ते म्हणाले, "ठीक आहे, चल वर," आणि त्यांनी थ्रॉटल पुढे ढकललं. काहीच झालं नाही. पुन्हा ढकललं. कळ आपणच बंद केलीय, हे गृहस्थ साफ विसरले होते! त्यांचा हात थ्रॉटलवर गोठला. शेतातल्या मेंढ्या मोजता येतील इतके आम्ही खाली आलो.

तिने खाली पाहिलं, कळ फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

विमान उतरलं. ऑफिसात त्यांनी मला पुढ्यात ओढलं, माझी पाठ कडकन मोडेस्तोवर एकेचाळिसाव्या पानावर दाबलं आणि लिहिलं : 'विद्यार्थिनीने उड्डाणात इंधनाची कळ चुकून बंद केली. परीक्षेस अपात्र.'

"सर, कळ तुम्ही बंद केलीत," ती म्हणाली.

"पाहिलं कोणी?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि पाहुण्यांनी यजमानाला खोटं पाडायचं नसतं."

मी पाहिलं होतं! पण मला तोंड कुठे होतं? त्यांचं खोटं माझ्याच अंगावर, न खोडता येणाऱ्या शाईत लिहिलेलं, आणि मी ते मुकाट्याने वागवायचं. त्या दिवशी मी ठरवलं, हे पान विसरायचं नाही आणि कोणाला विसरू द्यायचं नाही.

व्हिसा संपला. ती घरी परतली. चौदा महिने मी कपाटात घोंगड्यांच्या घडीत पडून होते. तिची आत्या येता-जाता टोमणे मारायची, "विमान चालवायला गेली होती ना? आता निदान पंखा तरी चालव, उकडतंय!" आई मात्र शिलाई मशीन जरा जोरात चालवायची.

मग दुसरी शाळा, नवा व्हिसा, पुन्हा तोच देश. परवाना मिळाला. पण माझी पाठ जिथे मोडली होती तिथेच मी उघडायचे. मुलाखतीत मला टेबलावर ठेवलं की पान एकेचाळीस हजर. "हे काय?" समोरचे विचारायचे. ती खरं सांगायची, आणि ते हसून म्हणायचे, "बरं, कळवतो." एका कंपनीने तर मला तिच्याकडे नुसतं सरकवून दिलं. त्या वेळी मला स्वतःचीच लाज वाटली.

ती मात्र टिच्चून राहिली. विमानाने पत्रांच्या थैल्या वाहिल्या, मुलांना उडायला शिकवलं, आणि नवव्या वर्षी त्या देशाने तिला परीक्षक नेमलं. पाहुणीच आता यजमानांच्या परीक्षा घेऊ लागली.

एके सकाळी अर्जांच्या गठ्ठ्यात त्या मुख्य शिक्षकांचं नाव आलं. शिक्षकाचा परवाना नव्याने करून घ्यायचा होता. तो अर्ज तिला सहकाऱ्याकडे सरकवता आला असता. तिने सरकवला नाही. मला कपाटातून काढून तिने बॅगेत घातलं, तेव्हा माझी पानं आनंदाने फडफडली.

त्यांनी तिला ओळखलं नाही. "गुड मॉर्निंग, मॅडम," म्हणाले. ती डावीकडे बसली, ते उजवीकडे. लांबरुंद धावपट्टीच्या नेमकं वर, तीन हजार फुटांवर, ती म्हणाली, "मी विद्यार्थिनी आहे असं समजा. इंजिन बंद पडलं तर काय करायचं, ते शिकवा."

त्यांचा हात खाली गेला. थेट कळीकडे.

इंजिन मेलं. ते ऐटीत शिकवत राहिले. ठरल्या उंचीवर त्यांनी थ्रॉटल पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं. तिने पुरते पाच आकडे मोजले, वाकून कळ फिरवली आणि शांतपणे म्हणाली, "सर, कळ तुम्ही बंद केलीत."

आता त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

ऑफिसात तिने आधी त्यांचा निकाल लिहिला : अनुत्तीर्ण. सही केली. मग मला टेबलावर ठेवलं. मी आपसूक उघडले.

"तू... तुम्ही... ती पाहुणी?"

"तुमचा शेरा आहे. दुरुस्ती तुम्हीच करायची, नियम आहे."

"केली तर निकाल बदलेल?"

"नाही."

"मग आता काय फरक पडतो?"

"मला नाही पडत," ती म्हणाली. "वहीला पडतो."

त्यांनी आपला जुना शेरा एकदा वाचला. मग पेन काढलं. रेघ वाकडी आली. शेजारी लिहिलं, 'कळ मी बंद केली होती,' आणि सही केली.

आता मी भरलेय. नव्या वहीला जागा देऊन मी त्याच छत्रीच्या कापडात फडताळात पडून असते. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. तुम्ही खुशाल सोडा. मला मात्र तो उपदेश करू नका. रेघेखालचं सगळं अजून स्वच्छ वाचता येतं, आणि रोज सकाळी मी ते एकदा वाचून घेते.