लॅकर मारलेली पानं

ज्युनियर कॉलेजातून निवृत्त झाल्यावर सुरुचीबाईंनी बायॉलॉजीची पुस्तकं वाटून टाकली, पण शिकवायची सवय काही सुटली नाही. त्यांचे यजमान दशरथराव जेसल पार्कातल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बिल्डिंगला पंचवीस वर्षं होणार म्हणून पाहुणे बोलावले होते, आणि फाटकापासून लिफ्टपर्यंत मांडलेल्या रबर प्लांटवर रस्ता खोदल्याची धूळ बसलेली. दशरथरावांनी लाकडाला चमक आणणाऱ्या लॅकरचे स्प्रे आणले आणि माळ्याला, नाथाला सांगितलं, "पानांना दोन्ही बाजूंनी मार. फोटोत चमकली पाहिजेत."

सुरुचीबाई तिथेच होत्या. "अहो, ओल्या फडक्याने पुसून घ्या ना. पानाच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, हवा तिथूनच आतबाहेर करते. ती बुजली तर पान अन्न कसं तयार करणार? उपाशी मरेल ते."

"कॉलेज सुटलं ना आता?" दशरथराव हसले. नाथा जरा घुटमळला, मग त्याने डबा हलवायला घेतला.

कार्यक्रम झकास झाला. पाहुण्यांनी झाडांचं कौतुक केलं, दशरथरावांनी ते हात जोडून पदरात पाडून घेतलं. महिन्याभरात पानं पिवळी पडली आणि गळायला लागली. उरले नुसते दांडे.

कमिटीच्या मीटिंगमध्ये दशरथराव म्हणाले, "माळ्याने पाणी घालायची हयगय केली. त्याला समज देऊ."

तेवढ्यावर मिटत होतं. पण दाराशी खाली मान घालून उभा असलेला नाथा सुरुचीबाईंना बघवेना. गळलेलं एक पान त्यांनी उलटं धरलं. "हा थर बघा, नखाने सुटतोय. पाण्याचा काही संबंध नाही. यांनी मारायला सांगितलं, त्याने मारलं."

"भाभी, घर की बात घर में करो ना," कमिटीतल्या हंसाबेन म्हणाल्या. कोणीतरी फिसकन हसलं.

दशरथरावांचा चेहरा आधी पडला, मग ताठरला. "मी फक्त वरून मारायला सांगितलं होतं. दोन्हीकडून मारायची अक्कल याची. असा माणूस ठेवण्यात अर्थ नाही."

हात वर झाले. नाथाचं काम गेलं.

"धडधडीत खोटं बोललात," घरी येऊन सुरुचीबाई म्हणाल्या.

"तू चारचौघांत मला उघडं पाडलंस. मी दुसरं काय करणार होतो?" एवढं बोलून दशरथरावांनी टीव्ही लावला. पुढच्या आठवड्यात कुंड्यांमध्ये प्लास्टिकची झाडं आली.

नाथाला काम मिळावं म्हणून एका नर्सरीवाल्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेऊन सुरुचीबाई काशीगावात त्याच्या घरी गेल्या. नाथाची बायको सुलू दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. नाथाने चिठ्ठी न वाचताच खिशात टाकली.

"बाई, मी समज ऐकून घेतली असती," तो म्हणाला. "दोन दिवसांत लोक इसरले असते. मला कुठं खरं-खोटं करायचं होतं? मला काम करायचं होतं."

"पण नाथा, तुझी काही चूक नव्हती."

"न्हवतीच. ते मला म्हाईत हाय," नाथा म्हणाला आणि आत निघून गेला. सुलूने दार लोटून घेतलं. रिक्षा मिळेपर्यंत सुरुचीबाई हायवेच्या कडेला उन्हात उभ्या राहिल्या.